मे महिन्यात मुलांना घेऊन साताऱ्याच्या डोंगरात: आधी सावली बघा, मग गड

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत तुम्ही साताऱ्यात सासरी असणार. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा. सासरे सत्तरीला आलेत, एक गुडघा सोडला तर खणखणीत, आणि त्यांनाही यायचंय. यादी तयार आहे: अजिंक्यतारा, सज्जनगड, कल्याणगड, कमळगड, कास, वासोटा. पाच आठवड्यांत हे सगळं कसं बसवायचं?

बसवू नका. यादीतला एक गड खोडा, एक अर्धा करा आणि एक तीनदा लिहा. कोणता कुठला, ते ओघात येईलच.

मी गेली वीसेक वर्षं सुट्टीत शाळकरी पोरांना या डोंगरांत नेतोय. पालक पहिल्यांदा विचारतात, गड अवघड आहे का. मेमध्ये तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की सावली कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत आहे. जानेवारीत जी चढण पोरं उड्या मारत जातात, तीच मेमध्ये साडेनऊला सुरू केली तर मोठ्या माणसाला बसवते.

साताऱ्यात मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी वीस मिनिटं पायाखालचं नीट दिसू लागतं. पावणेसहाला पायथ्याशी, साडेसातच्या आत माथ्यावर आणि नऊला परत गाडीपाशी, एवढंच आपलं वेळापत्रक. सकाळी डोंगराची पश्चिमेकडची कूस सावलीत असते, तेव्हा चढण त्या बाजूनं असेल तर तासभर जास्त मिळतो. पण एक गंमत ध्यानात ठेवा. मेमध्ये सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, थोडा ईशान्येकडे सरकलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात गारठलेली उत्तरेची उतरण मेमध्ये सकाळपासूनच तापते. हिवाळ्यातल्या अनुभवावर जाणारे इथे फसतात.

आणि दुपारी? मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास अंगणात उभा ठेवलेला डबा स्वतःची सावली पोटाखाली घेऊन बसतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मुलांना तो जरूर दाखवा, पण घरच्या गच्चीवर. गडावर त्या वेळी तटाला सावली नसते, बुरजाला नसते, देवळाच्या भिंतीलाही नसते. पोरांनी हे एकदा डब्यावर पाहिलं की पहाटे उठवताना वाद कमी होतो, हा माझा अनुभव.

आता तीनदा लिहायचा गड म्हणजे अजिंक्यतारा. घरामागचा डोंगर म्हणून लोक त्याला मोजतच नाहीत. सातारकर तिथे सकाळी फिरायला जातात, डांबरी रस्ता वर जातो, मग त्यात साहस कसलं, असं तुमच्या मनात येईल. सात वर्षांच्या मुलाला आहे. पहिल्या दिवशी रस्त्यानं जा, काही दाखवू नका, काही सांगू नका, त्याच्या पायाचा वेग काय आहे तेवढं बघा. त्याची पावलं मोजत मागून चालायचं. पुढे चाललात तर तो तुम्हाला गाठायला धावतो, धापा टाकतो आणि अर्ध्यात कंटाळतो.

दुसऱ्या खेपेला पायवाटेनं जा आणि मंगळाईच्या बाजूला बसून गोष्ट सांगा. औरंगजेब डिसेंबर 1699 मध्ये स्वतः या गडाखाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. महिने गेले तरी गड पडेना, म्हणून एप्रिल 1700 मध्ये मुघलांनी तटाखाली सुरुंग लावले. दुसऱ्या सुरुंगाला तट आत कोसळायच्या ऐवजी बाहेर, वर चढायला टपून बसलेल्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. तरी आठवडाभरानं गड सोडावा लागलाच. पुढे ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव पडलं. हे सगळं ऐन एप्रिलच्या उन्हात घडलंय. माझ्याबरोबरच्या एका पोरीनं विचारलं होतं, ‘मग ते पाणी कुठनं प्यायचे?’ आम्ही त्या दिवशी गडावरची तळी शोधत फिरलो. बहुतेक कोरडी होती. उत्तर तिला कोरड्या तळ्याच्या काठावरच मिळालं.

तिसऱ्या खेपेला मुलीला पुढे करा. वाट ती काढेल, थांबायचं कुठे ते ती ठरवेल, आजोबा गाडीनं वर येऊन दरवाजापाशी थांबतील. ती दोनदा चुकेल. चुकू द्या. खाली सातारा दिसतोय तोवर कुणी हरवत नाही.

कल्याणगडाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः चूक केली आहे. हा गड सातारारोडच्या बाजूला, पायथ्याला नांदगिरी, म्हणून त्याला नांदगिरीचा किल्लाही म्हणतात. चढण तासाभराची, वर गेल्यावर पहिल्या दरवाजाजवळ डोंगराच्या पोटात एक भुयारासारखी गुहा आहे. आत पाणी असतं, काळोख असतो, आणि त्या पाण्यातून चालत टोकाला गेलं की पार्श्वनाथांची मूर्ती आणि दत्त. मुलांना याच्याहून जास्त काही लागत नाही.

आम्ही बहिणीच्या घरचे सगळे निघालो होतो. वाटेत मिसळ खायची ठरली, तिथे पाऊण तास गेला, आणि गड चढायला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी म्हटलं, तासाभराचं तर काम. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. निम्म्या चढावर त्याची बडबड बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, दम वाचवतोय. थोड्या वेळानं तो एका पायरीवर टेकला आणि म्हणाला, ‘मामा, मला थंडी वाजतीय.’ उन्हानं दगडाला हात लावता येत नव्हता आणि पोराच्या हातावर काटा आला होता.

ऊन बाधतंय याची ही खूण आहे आणि बहुतेक आईबाप ती ओळखत नाहीत. गप्प होणं, चिडचिड, डोकं दुखणं, मळमळ आणि भर उन्हात शहारा, यातलं काहीही दिसलं की चढ तिथेच संपला. मी त्याला पाठीवर घेऊन गुहेपर्यंत नेलं. त्या वर्षी पाणी घोट्याच्या वर होतं. त्याचा सदरा काढून त्या पाण्यात भिजवला, तसाच निथळता अंगावर घातला, पाय पाण्यात सोडून बसवलं आणि मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजलं. पहिली दहा मिनिटं तो नुसता भिंतीकडे बघत होता. मग पायाची बोटं हलवायला लागला. वीस मिनिटांनी विचारलं, चिक्की आहे का. तेव्हा मी श्वास सोडला. ऊन कलल्यावर पाचच्या सुमारास उतरलो, तोवर सगळे त्या दरवाजाच्या आडोशाला बसून. बहीण अजून मला मिसळीवरून बोलते.

हे थोडक्यात निभावलं. मूल बरळायला लागलं, ओळखेनासं झालं किंवा अंग चटका लागेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. तिथे पाणी पाजत बसायचं नाही, अंग ओलं करत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. 108 ला फोन आधी करा. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मीठ-साखरेचं माप: एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. औषधाच्या दुकानातली पुडी आणली तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घालायची, अर्धी नाही. पाण्याचा माझा हिशोब, सकाळच्या तीन तासांसाठी मोठ्यांना दोन लिटर, मुलाला एक ते दीड, आणि गाडीत पाच लिटरचा कॅन वेगळा. गडावरच्या टाक्याचं पाणी मेमध्ये धरून चालू नका. आणि प्रत्येक मुलाची बाटली त्याच्याच पाठीवर. आईच्या पिशवीतली बाटली मागायला मूल लाजत नाही, पण विसरतं.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी. पाकिटातले वेफर्स तहान वाढवतात, आणि ती पाकिटं गडावर कोण टाकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सापाची भीती सगळ्यांना असते आणि आग्यामोहोळाची कुणालाच नसते. उलट असायला हवं. साप बहुधा आपली चाहूल लागली की निघून जातो. फुरसं तेवढं दगडाखाली दबा धरून राहतं, म्हणून मुलांना दगड उलटू देऊ नका आणि तटाच्या भेगेत हात घालू देऊ नका. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, माणसाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यायचं, लस तिथे असते. आग्यामोहोळ मात्र कड्याला, बुरजाच्या छताला, देवळाच्या शिखराला लटकलेलं असतं, आणि कुणा दुसऱ्याच टोळक्यानं धूर केला, आरडाओरडा केला, दगड मारला की शिक्षा आपल्याला. पोचल्यावर पहिल्यांदा मान वर करून बघायची सवय मुलांना लावा. जाताना अत्तर, उग्र वासाचं तेल नको. माशा उठल्याच तर हातवारे करायचे नाहीत. तोंड-मान कापडानं झाकून सगळ्यांनी पळायचं, लांबपर्यंत आणि शक्यतो बंद जागेत. अंगात राहिलेले काटे नखानं खरवडून लगेच काढा.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी असू द्या. नियम एकच शिकवा: हरवलो असं वाटलं की पुढे जायचं नाही, जवळचं झाड धरून बसायचं आणि शिट्टी वाजवायची. पहिले दोन दिवस घरात उच्छाद होईल, सासऱ्यांना आधी कल्पना द्या.

सज्जनगड सासऱ्यांच्या नावानं ठेवा, आणि तो एका सकाळीत उरकू नका. वर भक्तनिवास आहे, मुक्काम करा. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत, त्या आजोबांनी सावकाश चढाव्यात, घाई नाही. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, म्हणून उजेडी पोचायचं. समर्थांची समाधी, राममंदिर हे तर होईलच, पण संध्याकाळी धाब्याच्या मारुतीकडे जाऊन बसा. तिथे मेमध्येही असा वारा असतो की टोपी धरून ठेवावी लागते, आणि खाली उरमोडीचं पाणी चमकतं. दुसऱ्या दिवशी दुपारी महाप्रसाद घ्या, वामकुक्षी काढा, ऊन उतरल्यावर खाली. नातवंडांनी आजोबांची वाट बघत पायऱ्यांवर बसणं, हा या महिन्यातला एकच दिवस असेल जेव्हा वेग आजोबा ठरवतील.

कास. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून लोकांना वाटतं, तिथे बारमाही काहीतरी असतं. मेमध्ये काळा, भाजलेला कातळ असतो. फुलांचे कंद आणि बिया त्या वीतभरही नसलेल्या मातीत निजलेल्या असतात, म्हणून पठारावर गाडी घालणं किंवा तंबूच्या खुंट्या ठोकणं म्हणजे सप्टेंबरची फुलं मेमध्येच चिरडणं. दुपारी चारनंतर निघा, यवतेश्वरचा घाट चढून जा, पठार रस्त्यावरून बघा आणि कास तलावापाशी झाडीत थांबा. वाटेत बायका द्रोणातून करवंदं, जांभळं विकायला बसतात. मुलांना विकतची एकदा घेऊन द्या, मग जाळीतली स्वतः तोडू द्या. हाताला ओरखडे येतील, चीक चिकटेल. पिकलेलं करवंद कोंबडा की कोंबडी हा खेळ मुलांना येत नसेल तर सासऱ्यांना विचारा, त्यांना येत असणार: फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

कासवरून पुढे उतरलं की बामणोली, आणि तिथून वासोटा. हाच तो खोडायचा गड. तुम्हाला वाईट वाटेल, मुलगी तर त्याच नावावर अडून बसली असणार. बामणोलीहून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, होडीनं तास-दीड तास, मग मेट इंदवलीला वनखात्याची नोंद, प्लास्टिकची तपासणी, मग दाट जंगलातली खडी चढण. हे कोयना अभयारण्य, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत होडीत परत बसावंच लागतं. म्हणजे वेळ आपल्या हातात नाही. सकाळी परवानगी आणि होडी जमवून चढायला लागेपर्यंत बहुधा नऊ-दहा वाजतात. जंगलात सावली आहे हे खरं, पण वारा नाही, आणि घामानं माणूस गळतो. त्यात मेमध्ये कोयनेचं पाणी खूप खाली गेलेलं असतं, होडीपर्यंत चिखल-दगडातून उतरावं लागतं. सात वर्षांच्या पोराला हे सगळं एका दिवसात झेपणार नाही, आणि अर्ध्या वाटेवर त्याला उचलून घ्यायची वेळ आली तर मुलीचाही गड जातो. डिसेंबरात या. त्याच्या पायाला तोवर आठ महिने मिळतील.

त्याऐवजी होडी घ्याच, पण नुसती होडीची सफर. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम होडीवाले दाखवतात. अंगात जीवरक्षक जाकीट, अगदी पट्टे आवळून, आजोबांच्यासुद्धा. होडीवाला म्हणेल, ‘पाणी कमी झालंय, काय होत नाय.’ ऐकू नका. आणि धरणाच्या पाण्यात मुलांना पोहू देऊ नका, मग ते शिवसागर असो, कण्हेर असो की धोम. काठ गाळाचा असतो, दोन पावलांवर एकदम खोल होतो. पोहायला शहरातला तलाव बरा.

राहिला अर्धा केलेला कमळगड. वाईच्या वर, कृष्णा आणि वाळकी यांच्या खोऱ्यांमधल्या रांगेवर, उंची जवळपास महाबळेश्वराइतकी. धाकट्याला हा झेपणार नाही, म्हणून तो आदल्या दिवशी आजोबांबरोबर वाईत ढोल्या गणपती आणि मेणवलीचा घाट बघेल आणि तिथेच थांबेल. तुम्ही आणि मुलगी दोघीच, पायथ्याच्या गावात ओळखीतून मुक्काम करून, गावातला एक माणूस सोबत घेऊन पहाटे निघा. त्याला दिवसाची मजुरी द्या. झाडीत वाटा फुटतात आणि गवेही असतात. गवा दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही.

माथ्यावर तट-बुरूज शोधू नका, फारसं काही उरलेलं नाही. पण कातळात उतरत गेलेली एक विहीर आहे, गेरूची. पन्नासेक पायऱ्या. पहिल्या दहा पायऱ्यांवर ऊन पाठीवर असतं, विसाव्या पायरीवर मानेला गार लागतं, आणि तळाशी पोचलं की दोन्ही बाजूंच्या भिंती लालभडक, ओलसर. हात लावला की पंजा गेरूनं रंगतो. एक मुलगी तिथून वर आली तेव्हा तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर पंजे उमटवले होते, आणि उतरेपर्यंत तोंड धुवायला तयार नव्हती.

कमळगड मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरका. पुढे वळवाचा भरवसा नसतो. सकाळ निरभ्र असते, दुपारी तीनला काळं उठतं. वीज दिसली की मुलांना आकडे मोजायला लावा. गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील त्याला तीननं भागा, तितके किलोमीटर वीज लांब. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण पल्ल्यात आलो असंच समजायचं आणि धार सोडून खाली सुटायचं. एकट्या झाडाखाली, बुरजावर, झेंड्याच्या खांबाजवळ थांबायचं नाही. गाडी सगळ्यात चांगली.

वळीव दोनदा पडून गेला की मेच्या अखेरीस एका रात्री कास-बामणोली भागात ओळखीच्या कुणाकडे मुक्काम करा. मृगाच्या तोंडावर झाडीत काजवे दिसतात. बॅटरी बंद, गाडीचे दिवे बंद, बोलणं हळू. धाकटा तिथे गप्प झाला तर काळजी करू नका, ते गप्प होणं वेगळं.

पहिल्या दिवसाच्या तयारीतली एक गोष्ट राहिली. मुलांच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, पण निम्म्याच भरून आणि आडव्या. सकाळी वरून साधं पाणी ओता. पूर्ण भरून ठेवलीत तर बाटली फुगते आणि अजिंक्यताऱ्याच्या दरवाजात पोर बर्फ चाटत बसतं, प्यायला थेंब नाही.